रस्ता रुंद, पण कोणासाठी?

परतवाड्यात एखाद्या सायकलवाल्याला ट्रकने उडवले किंवा शाळेतून घरी निघालेल्या पोराला गाडीची धडक बसली, की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपासून अधिकाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या निवेदनापर्यंत सगळीकडे एकच निदान ऐकू येते : “रस्ता अरुंद हाये, थो रुंद केला का अपघात बंद.” हे वाक्य इतक्या खात्रीने बोलले जाते की त्याला पुरावा मागावा असे कोणाच्या मनातही येत नाही. पण पुरावा मागायला हवा. याच निदानाच्या भरवशावर सरकारी तिजोरीतला पैसा खर्च होतो आणि कडेची जुनी झाडे पडतात. एवढे करून ज्याच्या मृत्यूने मागणी पुढे आली, तो पायी चालणारा आणि सायकल चालवणारा माणूस बहुतेक वेळा पूर्वीपेक्षा जास्त धोक्यात जातो.

आधी परतवाडा कसे आहे ते पाहू. अचलपूर आणि परतवाडा ही जुळी शहरे, नगरपालिका एकच, २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती साधारण १ लाख १२ हजार. कांडली, देवमाळीसारखी गावे शहराला चिकटलेली. शाळा, बाजार, दवाखाना, बस स्थानक ही सगळी अंतरे तीन-चार किलोमीटरच्या आत, म्हणजे सायकलने सहज कापण्याजोगी. पण याच गावात अमरावतीचा रस्ता येतो, अकोट-अंजनगावकडून येऊन बैतूलकडे जाणारा महामार्ग येतो, आणि चिखलदरा-धारणीचा रस्ता येथूनच मेळघाटात चढतो. संत्र्याचे ट्रक, लाकडाच्या गाड्या, एसटी आणि पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी चिखलदऱ्याला निघालेल्या पर्यटकांच्या मोटारी, सगळे येथूनच जातात. म्हणजे लांबच्या प्रवासाचा रस्ता आणि गावातल्या माणसाचा रोजचा रस्ता एकच आहे. दुखणे येथे आहे. रुंदीकरणाची मागणी करणारा पहिल्या वाहतुकीचा विचार करतो आणि अपघातात दुसरी वाहतूक मरते.

मरते कोण, याचा हिशेब केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी छापते. २०२२ च्या अहवालात देशभरात १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत. त्यांत दुचाकीवरचे ७४,८९७, पायी चालणारे ३२,८२५ आणि सायकलस्वार ४,८३६. म्हणजे दर तीन मृतांपैकी दोघांच्या भोवती पत्र्याचा आडोसाही नव्हता. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ माणसे गेली आणि उत्तर प्रदेश व तमिळनाडूनंतर आपण तिसरे राहिलो. याच अहवालात आणखी दोन आकडे आहेत. सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात मांडले आहेत, आणि सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर झाले आहेत. अपघात रस्त्याच्या अडचणीमुळे होत असते, तर ते वळणांवर, खड्ड्यांत आणि चढ-उतारांवर साचले असते. तसे दिसत नाही. जेथे गाडी बिनधास्त पळवता येते, तेथेच माणसे जास्त मरतात. यावर कोणी म्हणेल की पोलिसांच्या नोंदीत ‘अतिवेग’ हा सोयीचा रकाना आहे, कारण सापडले नाही की तो भरतात. या शंकेत तथ्य आहे. म्हणून आकडा बाजूला ठेवू आणि साधे गणित करू. त्याला कोणाच्या नोंदीची गरज नाही.

सात मीटर रुंदीचा रस्ता धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालीने सुमारे सहा सेकंदांत ओलांडतो. समोरून येणारी गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने असेल, तर तेवढ्या वेळात ती ६५ मीटर पुढे येते. म्हणजे ओलांडणाऱ्याला ६५ मीटरपलीकडच्या गाडीचा अंदाज घ्यावा लागतो, आणि हे जमण्यासारखे आहे. आता रस्ता रुंद करा : सात मीटरचे चौदा मीटर. ओलांडायला बारा सेकंद. रस्ता मोकळा आणि गुळगुळीत झाल्याने गाडीही आता ४० ऐवजी ६० ने येते, आणि बारा सेकंदांत ती २०० मीटर कापते. म्हणजे दोनशे मीटरवरच्या गाडीचा वेग ओळखून पाऊल टाकायचे. काठी टेकत चालणाऱ्या आजीला किंवा पाठीवर दप्तर घेतलेल्या तिसरीतल्या मुलाला हे कसे जमावे? लहान मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही, हे बालविकासातले जुने निरीक्षण आहे. आजीला ते जोखता येते, पण तिचे पाय तेवढ्या घाईने उठत नाहीत. रुंदी दुप्पट केली आणि धोका त्याहून जास्त वाढला, तरी त्याला आपण सुरक्षितता म्हणतो.

वेगाचे दुसरे गणित याहून कठोर आहे. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. ताशी ३० ने येणारी मोटार कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी ५० ची मोटार तेवढ्या अंतरात ब्रेक लावायलाही सुरुवात करत नाही, कारण त्या एका सेकंदातच ती जवळपास १४ मीटर गेलेली असते. म्हणजे १३ मीटरवर मूल असेल, तर पहिली गाडी त्याच्यापाशी येऊन थांबते आणि दुसरी पूर्ण वेगाने त्याच्यावर जाते. भरलेल्या ट्रकचे आणि ओल्या रस्त्याचे हिशेब यापेक्षा वाईट. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे तर शाळेतले भौतिकशास्त्र. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीचा वेग ५० वरून ६५ वर गेला, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता साडेचार पट होते. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जेथे पायी चालणारे, सायकलस्वार आणि मोटारी एकत्र येतात तेथे वेग ताशी ३० च्या आत ठेवावा असे म्हटले आहे. आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला कमाल ७० आणि मालवाहू गाडीला ६० ची मुभा दिली. ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा ती खाली आणू शकते. मग आपल्या निवेदनांत ही मागणी का नसते?

रस्त्याच्या कडेला वाकून पाहिले की रुंदीकरणाचा खोटेपणा डोळ्यांना दिसतो. डांबराची कड संपते तेथे साईडपट्टी वीतभर खाली गेलेली असते. तिच्यात मुरूम, गिट्टी, पावसाळ्यात चिखल. सायकलवाला या कडेवरून, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, हातभर जागेतून चाललेला असतो. मागून ट्रकचा हॉर्न वाजतो. खाली उतरला तर पुढचे चाक गिट्टीत रुतते. पुन्हा वर चढायला गेला तर चाक कडेला तिरपे घासते आणि तो डांबराच्या बाजूला, म्हणजे थेट ट्रकच्या चाकांकडे पडतो. रस्ता दोन मीटरने वाढवला तर ही कड दोन मीटर पलीकडे सरकते, एवढेच. सायकलवाल्याला मिळते ती तीच हातभर जागा, फक्त आता शेजारून जाणारी गाडी जास्त वेगात असते. वाढवलेली रुंदी गाड्या उभ्या करायला किंवा ओव्हरटेक करायला वापरली जाते. त्यात सायकलसाठी वेगळी पट्टी किंवा उंच फूटपाथ नसेल, तर ते दोन मीटर त्याच्या कामाचे नाहीत.

यावर ठरलेले उत्तर येते : चूक त्यांचीच, मध्येच येतात, उलट्या बाजूने चालवतात, शिस्त नाही. होय, चुकतात. मोटार चालवणारेही चुकतात, फोनवर बोलतात, लाल दिवा ओलांडतात. फरक असा की मोटारवाल्याची चूक पत्र्याला पोचा पाडते आणि सायकलवाल्याच्या चुकीची किंमत कवटी मोजते. नऊ वर्षांचे मूल चेंडूमागे धावले तर ती चूक आहे. तिची शिक्षा मृत्यू असावी, असे कोणी तोंडाने म्हणणार नाही, पण आपण रस्ते तसेच बांधतो. आणि फूटपाथवर टपऱ्या व मोटारसायकली असताना माणसाने रस्त्यावर उतरू नये तर जावे कुठे? भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फूटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, मोडतो असे स्पष्ट केले. हा हक्क नाकारून वर शिस्तीचा उपदेश करणे बंद व्हायला हवे.

दुसरा आक्षेप वेळेचा : गावातून ३० ने गाड्या गेल्या तर वाहतूक खोळंबेल. तीन किलोमीटरची वस्ती ताशी ५० ने ओलांडायला साडेतीन मिनिटे लागतात, ३० ने सहा. अडीच मिनिटांचा फरक, तोही रस्ता पूर्ण मोकळा असेल तेव्हा. अमरावतीहून धारणीला निघालेल्या गाडीच्या काही तासांच्या प्रवासात ही अडीच मिनिटे कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. तिसरा आक्षेप मात्र रास्त आहे : गावाबाहेर दुभाजक घालून केलेल्या चौपदरी रस्त्यावर समोरासमोरच्या धडका खरोखर कमी होतात. ते मान्य. पण तेथे काम दुभाजकाने केले, नुसत्या रुंदीने नव्हे. आणि तो उपाय गावाबाहेरचा आहे. तोच रस्ता त्याच वेगाने शाळेसमोरून नेणे म्हणजे एका रोगाचे औषध दुसऱ्याला देणे.

“हे परदेशात चालते, आपल्याकडे नाही” हेही ऐकावे लागते. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तो देशही तेव्हा मोटारींसाठी रस्ते मोकळे करण्याच्या नादात होता. आई-बाप रस्त्यावर उतरले, मुलांचे मरण थांबवा म्हणून चळवळ झाली, आणि त्यानंतर तेथे सायकलींचे वेगळे मार्ग आले. ती सवय रक्तात नव्हती, मागून मिळवलेली होती. उलटे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. रस्ते रुंद होत गेले, सायकली हटत गेल्या, आणि २०१७ मध्ये त्याच शहराला सायकल आराखडा मंजूर करून त्या परत आणण्याची भाषा करावी लागली. परतवाड्याने आधी घालवायचे आणि मग आराखडा करायचा, अशा वाटेने जाण्याची गरज नाही. येथे अंतरे छोटी आहेत, आणि मानव विकास कार्यक्रमासारख्या योजनांतून सरकारनेच निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या आहेत. सायकल द्यायची आणि ती चालवायला जागा द्यायची नाही, हा न्याय नव्हे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“आता सायकल चालवतो कोण?” २०११ च्या जनगणनेत देशातल्या शेतीबाहेरच्या कामगारांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने आणि सुमारे २३ टक्के पायी कामावर जात होते, सायकलवाले तेव्हा मोटारसायकलवाल्यांच्या बरोबरीने होते.

“पाऊस आणि धुक्यामुळेच अपघात होतात.” २०२२ च्या अहवालानुसार जवळपास तीन चतुर्थांश अपघात स्वच्छ हवामानात झाले.

“सायकल समोरच्या गाड्यांकडे तोंड करून चालवावी, म्हणजे गाडी दिसते.” हा नियम फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याचा आहे, सायकल डाव्या बाजूनेच चालवायची, कारण उलट्या दिशेत दोघांचे वेग एकत्र होतात.

“गतिरोधक जितका उंच तितका चांगला.” भारतीय रस्ते काँग्रेसने सांगितलेला गोलाकार उंचवटा १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, वर पट्टे आणि आधी सूचनाफलक. रात्रीतून टाकलेला डांबराचा बांध दुचाकीवाल्याचाच जीव घेतो.

“जखमीला उचलले की पोलिसांचा ससेमिरा.” मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते; नाव सांगण्याची सक्ती नाही.

म्हणून पुढच्या वेळी निवेदन लिहिताना ‘रुंदीकरण’ हा एक शब्द लिहून थांबू नये. शाळा, बाजार आणि बस स्थानकाच्या परिसरात ताशी ३० ची मर्यादा, ती पाळायला लावणारे मानकाप्रमाणे बांधलेले उंचवटे, मोकळा १.८ मीटर फूटपाथ, डांबराला समतल भरलेली साईडपट्टी आणि रुंद रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता यावा म्हणून मध्ये उभे राहायला जागा, एवढे मागावे. यातली बहुतेक कामे रुंदीकरणाच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ आहेत. आणि आराखडा समोर आला की अभियंत्याला एकच प्रश्न विचारावा : या रस्त्यावरून आजी किती सेकंदांत पलीकडे जाईल, आणि तेवढ्या वेळात गाडी किती दूरवरून येऊन पोहोचेल? उत्तर कागदावर नसेल, तर तो आराखडा परत पाठवावा.