जुन्या गाडीचे शॉकअप : खर्च टाळू नका, एकदाच नीट करा

नारायण पेठेत पुस्तकं, वह्या, छपाईचा माल पोचवायला जुनी ओम्नी अजून दिसते. मारुतीने ती 2019 मध्ये बंद केली, पण धंद्यात ती चालूच आहे. अशा गाडीचे शॉकअप गेले की नुसते धक्के बसत नाहीत. ब्रेक मारला की तोंड खाली जातं, खराब रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, टायर खाचा पडून झिजतात. माल भरलेला असेल तर धोका आणखी.

तपासणी फुकट आहे. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. ती झुलतच राहिली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर वेळ झाली.

कोटेशन घेताना तीन प्रश्न विचारा :

1. डावा-उजवा जोडीनेच बदलणार ना?
2. पुढचा स्ट्रट खोलल्यावर वरचं माउंटिंग आणि रबरही बघणार ना? नंतर बदललं तर तीच मजुरी पुन्हा.
3. शेवटी अलाइनमेंट धरलंय का?

पार्टचा भाव आधी नाना पेठेत काढून ठेवा. स्ट्रटची स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून घरी खोलायच्या भानगडीत पडू नका.

आणि मुख्य गोष्ट : गाडीची झीज हा डिलिव्हरीचाच खर्च आहे. दर ठरवताना फक्त पेट्रोल धरलंत, तर शॉकअपचं बिल तुमच्या नफ्यातून जाणार. दर फेरीमागे थोडे पैसे आजपासूनच बाजूला काढा.