खिडकी कोणाच्या हातात?

बोरगाव मेघेतल्या एका घराच्या ओसरीत लॅपटॉप प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलाय. समोर सतरंजीवर आम्ही तिघं: क्षयरोगाचं काम करणाऱ्या ताई, नुकताच जामिनावर सुटलेला तरुण आणि मी. क्षयरोगावरचा हा छोटा व्हिडिओ तुरुंगाच्या बराकीतल्या टीव्हीवर लावण्याआधी आत राहून आलेल्या माणसाला दाखवावा, असं ताईंचं म्हणणं. शहाणपणाचं आहे.

पडद्यावर पांढऱ्या कोटातले डॉक्टर. दोन आठवडे खोकला असेल तर थुंकी तपासा, म्हणतात. तरुण मान हलवतो. खोलीत हवा खेळती ठेवा, खिडक्या उघडा. तो हसतो.

"काय झालं भाऊ?"

"ताई, खिडकी आमच्या हातात हाये का? रात्री एकमेकाले लागून झोपतो आमी. खोकतानी तोंडावर पंचा घ्या म्हना. पंचा असते सगळ्याइकडे."

ताई लिहून घेतात. शेवटच्या दृश्यात सहा महिन्यांचे उपचार पूर्ण झालेला बंदी पेढा वाटतोय.

"सहा महिने कोन राह्यते तिथं? जामीन झाला, फाटक उघडलं, का मानूस पयते. गोयाची पुडी आतच."

हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ७५.८ टक्के बंदी कच्चे होते, खटल्याचा निकाल न लागलेले. त्यांचं सुटणं कॅलेंडर पाहून होत नाही, आणि अर्धवट सोडलेल्या औषधाला जंतू दाद देईनासे होतात.

"मग काय दाखवू?"

"तेच दाखवा. सुटतानी गोया मागा, कागद मागा. बाहेर कोन्या दवाखान्यात जाचं, तेबी सांगा."

ताई निक्षय क्रमांकाचं, म्हणजे क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदणी क्रमांकाचं, समजावतात: तो जवळ असला की कुठल्याही सरकारी दवाखान्यात औषध पुढे चालू, फुकट. तरुण दोनदा विचारून खात्री करून घेतो.

मला पवनारचे विनोबा आठवतात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलत, साने गुरुजी उतरवून घेत. बोलणारा स्वतः बंदी होता. इथे मात्र कोट घातलेला पाहुणा बोलतोय.

"आवाज तुम्हीच द्या ना," ताई म्हणतात.

"चेहरा नाई दाखवाचा."

"नाही दाखवत."

तो घसा खाकरतो. "भाऊहो, खोकला लपवू नका. लपवान तं बाजूचा मरन."

"मरन नको, आजारी पडेल म्हणा."

"आजारी पडाले कोन भेते, ताई?"