बॅटरीवर चालणारी हत्यारे : वापर आणि दक्षता

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील ‘कंपू’ हे नाव जुन्या फौजी छावणीची आठवण करून देते. इ. स. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ येथे पडला आणि त्यातूनच पुढे लष्कर शहर वाढले. अशा जुन्या वस्तीत घरदुरुस्तीची कामे कधी संपत नाहीत. आता ही कामे करणाऱ्या सुताराच्या व वायरमनच्या हाती बॅटरीवर चालणारे ड्रिल आणि कटर आले आहेत. खेड्यांतून व शाळांच्या कार्यशाळांतूनही त्यांचा प्रसार होत आहे. म्हणून त्यांच्या वापरातील धोके समजून घेणे अगत्याचे आहे.

हे साधन अगदी नवे नव्हे. एका अमेरिकन कंपनीने १९६१ मध्येच बॅटरीचे ड्रिल तयार केले होते. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या पृष्ठभागात अशाच ड्रिलने छिद्रे पाडली. मात्र १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि पुढे या हत्यारांना हलकेपणा व जोर दोन्ही लाभले. या बॅटरीच्या विकासाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

धोका कोठे आहे?

१८ व्होल्टच्या बॅटरीत सामान्यतः प्रत्येकी ३.६ व्होल्टचे पाच घट एकापुढे एक जोडलेले असतात. घटांतील द्रव ज्वालाग्राही असतो. घट प्रमाणाबाहेर भारित झाला, चेचला गेला किंवा फार तापला, तर आतील रासायनिक क्रियेतून अधिक उष्णता निर्माण होते, ती शेजारच्या घटास तापवते आणि क्षणार्धात पेट घेतला जातो.

चार्जिंग करताना

बॅटरीसोबत मिळालेला किंवा उत्पादकाने सांगितलेलाच चार्जर वापरावा. फवारणी पंपाच्या शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर येथे मुळीच चालणार नाही. बहुतेक उत्पादक सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच चार्जिंगची मुभा देतात. ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा याहून वर जातो. तेव्हा दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग न करता सकाळी, सावलीच्या हवेशीर जागी करावे. कामावरून आलेली गरम बॅटरी आधी निवू द्यावी. चार्जर गादीवर, लाकडाच्या भुशाजवळ किंवा बाहेर जाण्याच्या वाटेवर ठेवू नये. रात्रभर तो लावून झोपणेही टाळावे. बॅटरी पूर्ण उतरवूनच भरावी हा समज जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा असून लिथियमला तो लागू नाही.

खिळे व स्क्रू यांच्या डब्यात सुटी बॅटरी टाकू नये. तिची टोके धातूने जोडली गेल्यास ठिणगी पडते. फुगलेली, तडा गेलेली किंवा भिजलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ती कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे अथवा अधिकृत संकलन केंद्रात द्यावी. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

काम करताना

तार नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. बॅटरी लावलेले हत्यार सदैव सज्जच असते. म्हणून बिट किंवा पाते बदलण्यापूर्वी बॅटरी काढावी. भिंतीत छिद्र पाडताना आतील विजेच्या तारेस बिट लागून धक्का बसू शकतो. तेव्हा आधी मुख्य स्विच बंद करावा. डोळ्यांना चष्मा असावा, कटरचे संरक्षक झाकण काढू नये, आणि सैल बाही, उपरणे किंवा पदर फिरत्या भागाजवळ येऊ देऊ नये.

आग लागल्यास

सुरक्षितपणे शक्य असेल तर वीज बंद करावी, माणसांना दूर न्यावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. धूर विषारी असतो. जळती बॅटरी हाताने उचलू नये. वीज बंद झाल्यावर लहान आगीवर दुरून भरपूर पाणी ओतावे. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे.

शिक्षकांनी कार्यशाळेत आणि ग्रामसेवकांनी ग्रामसभेत ही माहिती आवर्जून सांगावी. हत्यार हे कारागिराच्या पोटापाण्याचे साधन आहे. थोड्या दक्षतेने त्याचे डोळे, हात आणि घर सुरक्षित राहू शकते.