उठण्याची खात्री

एटीमेगा ३२८पी हा २८ पायांचा काळा, लांबट मायक्रोकंट्रोलर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटा मिळतो. २०१० साली आलेल्या आर्डुइनो उनो या बोर्डमुळे तो कॉलेजच्या मुलांपर्यंत पोहोचला. त्याचं घराणं एव्हीआर. त्या घराण्याची मूळ रचना नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांची. अ‍ॅटमेल कंपनीने ती बाजारात आणली आणि २०१६ मध्ये अ‍ॅटमेलच मायक्रोचिपकडे गेली. या चिपवर हजारो प्रकल्प झाले, पण तिचा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. तो म्हणजे तिची झोप.

आधी हिशेब पाहू. सीआर २०३२ या बटणाएवढ्या सेलमध्ये सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास वीज असते. ३ व्होल्ट आणि ४ मेगाहर्ट्‌झवर ही चिप जागी असताना साधारण १.७ मिलिअँपिअर घेते, म्हणजे सेल साडेपाच दिवसांत संपतो. पॉवर-डाउन अवस्थेत, फक्त वॉचडॉग टायमर चालू ठेवला, तर डेटाशीट ४.२ मायक्रोअँपिअर हा आकडा देते. या हिशेबाने तोच सेल सहा वर्षं पुरतो. वॉचडॉगही बंद केला तर उरतो ०.१ मायक्रोअँपिअर. बागेत मातीची ओल अर्ध्या तासाने एकदा मोजायची असेल, तर मधला सगळा वेळ जागं राहण्याचं काहीच कारण नाही.

एवढा फरक पडतो तो क्लॉकमुळे. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला आतले ट्रान्झिस्टर उघडझाप करतात आणि त्यातच बरीचशी वीज जाते. ठोके थांबले की उरते ती केवळ गळती. चिपला झोपेच्या सहा पायऱ्या आहेत. सर्वांत हलक्या आयडलमध्ये फक्त सीपीयू थांबतो, टायमर आणि सिरियल पोर्ट चालू राहतात. सर्वांत गाढ पॉवर-डाउनमध्ये मुख्य क्लॉकच बंद होतो. मेमरी आणि रजिस्टर मात्र जसेच्या तसे राहतात. त्यामुळे जाग आल्यावर प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होत नाही. आधी जागं करणारा इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून लक्ष वेधणारा संकेत, हाताळला जातो आणि मग झोपेच्या सूचनेनंतरच्या ओळीपासून काम पुढे चालतं.

गाढ झोपेतून उठवणारे मोजकेच. एखाद्या पायावरची पातळी बदलणं, टू-वायर बसवर आपला पत्ता पुकारला जाणं, वॉचडॉग. वॉचडॉगचा सर्वांत लांब पल्ला ८ सेकंदांचा, म्हणून अर्ध्या तासासाठी चिप पुन्हा पुन्हा क्षणभर उठते, मोजणी एकाने वाढवते आणि परत झोपते. त्याचा १२८ किलोहर्ट्‌झचा ऑसिलेटर तापमान आणि व्होल्टेजनुसार सरकतो, त्यामुळे ते ८ सेकंद काटेकोर नसतात. नेमकी वेळ हवी असेल तर पॉवर-सेव्हमध्ये घड्याळाचा ३२,७६८ हर्ट्‌झचा क्रिस्टल चालवावा. पण तो मुख्य क्रिस्टलच्याच पायांना लागतो, म्हणून मुख्य क्लॉक आतलाच वापरावा लागतो.

मला या चिपचं खरं मोठेपण दिसतं ते झोपण्याआधीच्या एका क्षणात. प्रोग्राम तपासतो: काम आलंय का? नाही. मग झोपावं. नेमकं या दोन ओळींच्या मध्ये कोणी बटण दाबलं तर? इंटरप्ट येतो, ‘काम आहे’ अशी खूण ठेवतो आणि निघून जातो. प्रोग्राम परततो तो थेट झोपेच्या सूचनेवर. काम पडून आहे आणि चिप झोपली. बटण पुन्हा दाबलं गेलं नाही तर ती कायमचीच झोपली. अशी चूक हजारात एखादेवेळी घडते, त्यामुळे टेबलावर सापडत नाही; शेतात सापडते.

यावरचा उपाय रचनाकारांनी सिलिकॉनमध्येच ठेवला आहे. इंटरप्ट बंद करून तपासायचं. मग ‘एसईआय’ने ते चालू करायचे आणि लगेच ‘स्लीप’ म्हणायचं. एसईआयनंतरची एक सूचना कोणत्याही थांबलेल्या इंटरप्टच्या आधी पार पडतेच, अशी या चिपची हमी आहे. म्हणजे बटण मध्येच दाबलं गेलं असलं, तरी चिप आधी झोपते आणि तोच ताटकळलेला इंटरप्ट तिला तत्काळ उठवतो. निसटायला फट उरत नाही. एका सूचनेएवढ्या या अवकाशावर सगळ्या झोपेचा भरवसा उभा आहे, आणि तो ओळखून आधीच सोय करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

बाकीची पथ्यं साधी आहेत. एडीसी, म्हणजे व्होल्टेज मोजून आकड्यात देणारा भाग, आधी बंद करावा. मोकळे पाय अधांतरी ठेवू नयेत, कारण मधल्याच व्होल्टेजवर राहिलेला पाय वीज खातो. आतल्या क्लॉकवर चिप उठायला ६ ठोके घेते. क्रिस्टल मात्र स्थिरावेपर्यंत १६ हजारांवर ठोके जातात, १६ मेगाहर्ट्‌झवर साधारण एक मिलिसेकंद. चिप सतत उठत-झोपत असेल तर हा वेळही हिशेबात धरावा लागतो.

आकडे पडताळायचे तर उनोचा बोर्ड उपयोगी नाही. त्यावरचा दिवा, रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप जागीच असतात. सुटी चिप ब्रेडबोर्डवर घ्यावी. मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर पल्ल्यात आतला रोध मोठा असतो. चिप जागी होताच त्यावर व्होल्टेज पडतं आणि ती रीसेट होऊ शकते. म्हणून मीटरला समांतर एक स्विच लावावा, चिप झोपेपर्यंत तो बंद म्हणजे जोडलेला ठेवावा आणि झोपल्यावरच उघडावा.