शिट्टी वाजवणारा जीवरक्षक



आपल्या खंडाळ्याला समुद्र नाही. पण यंदाची सहल कोकणात न्यायची, असे गुरुजी म्हणाले आहेत. म्हणून मी ही माहिती लिहिली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गोव्याला आत्याकडे गेलो होतो. कळंगुटच्या किनाऱ्यावर शेतातल्या माळ्यासारखा एक उंच मनोरा होता. त्यावर एक दादा बसला होता. तो सारखा पाण्याकडेच बघत होता. बाबा कमरेइतक्या पाण्यात गेले तशी त्याने जोरात शिट्टी वाजवली आणि खाली पळत आला. बाबा म्हणाले, "आम्ही इहिरीत पवणारी माणसं. आम्हाला काय होतंय?" तो दादा हसून म्हणाला, "काका, विहिरीचे पाणी जागेवर असते. समुद्राचे चालते." मग बाबा मुकाट्याने बाहेर आले.

तो दादा जीवरक्षक होता. समुद्राचे पाणी कसे चालते ते आत्याने मला समजावून सांगितले. लाटांबरोबर पुष्कळ पाणी किनाऱ्यावर येते. ते परत जाताना कधी कधी एकाच वाटेने जोरात आत जाते. तिथे लाटा कमी फुटतात, त्यामुळे ती जागा शांत दिसते. लोकांना वाटते इथेच बरे आहे, आणि तिथेच ते ओढले जातात. अशा वेळी सरळ किनाऱ्याकडे पोहायला गेले तर माणूस दमून बुडतो. घाबरायचे नाही. हात वर करून मदत मागायची आणि किनाऱ्याला धरून आडवे पोहायचे. ती वाट अरुंद असते, म्हणून आडवे गेले की सुटता येते.

जिथे लाल-पिवळे बावटे लावलेले असतात त्यांच्या मधेच पाण्यात जायचे. नुसता लाल बावटा असेल तर पाण्यात जायचेच नाही.

फार वर्षांपूर्वी, १९०७ च्या सुमारास, ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या बाँडाय किनाऱ्यावर लोकांनी बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी मंडळ काढले. एक जण कमरेला दोर बांधून पोहत जाई आणि बाकीचे रहाटासारख्या चाकावर दोर गुंडाळून दोघांना ओढून आणत. ते लोक बिनपगारी होते.

पण रोज, दिवसभर लक्ष ठेवायचे म्हणजे पगारी माणसे लागतात. गोव्याला शंभर किलोमीटरहून जास्त समुद्रकिनारा आहे आणि प्रवासी फार येतात. म्हणून गोवा सरकारने २००८ साली हे काम दृष्टी नावाच्या कंपनीला दिले. नुसते पोहता आले म्हणून कोणी जीवरक्षक होत नाही. त्याला पळणे, लाटेत पोहणे, बुडणाऱ्याला मागून धरणे, छाती दाबून श्वास चालू करणे, हे सगळे शिकावे लागते. मनोरे, जीप, दोर यांनाही पैसे लागतात. आणि त्याचे मोठे काम म्हणजे माणूस बुडायच्या आधीच शिट्टी वाजवणे.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या चौपाट्यांवर आणि गणपतीपुळ्याला जीवरक्षक असतात. पण किनारा सातशे किलोमीटरहून जास्त आहे, सगळीकडे माणूस नसतो. १ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यात मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. हे वाचून मला फार वाईट वाटले. ती मुलेही आपल्यासारखीच आनंदाने गेली असतील.

म्हणून सहलीला जाताना आपण विचारायचे, "गुरुजी, तिथे जीवरक्षक आहे का?" नसेल तर वाळूत खेळायचे. अंधार पडायच्या आत किनाऱ्यावरून निघायचे.

आणि आपल्याकडे नीरा नदी आहे, वीर धरण आहे, कालवा आहे, विहिरी आहेत. तिथे शिट्टी वाजवायला कोणीच नसते. कोणी बुडताना दिसला तर लहान मुलांनी उडी मारायची नाही, नाहीतर दोघेही जातात. ओरडून मोठ्या माणसांना बोलवायचे. दोर, लांब काठी किंवा झाकण लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे टाकायचा.

पालकांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक विहिरीवर एक दोर आणि एक रिकामा डबा बांधून ठेवा. बाबांनी आमच्या विहिरीवर बांधला आहे.

— इयत्ता ४ थी