बाळंतविडा आणि विसावा

ही व्याख्याने चैत्र-वैशाखात भरतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, कचेऱ्यांतून परतलेल्या माणसाला संध्याकाळी गारव्याला बसून चार शब्द ऐकण्याची सवड असते. पण आमच्या पोंभुर्णा तालुक्यात, आणि वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोलीच्या रानात, वर्षातली सर्वांत घाईची वेळ हीच. फाल्गुन सरत आला की मोहफुले पडू लागतात. ती संपत नाहीत तोच तेंदूची पाने तोडणीला येतात. त्याच सुमारास चारोळी पिकते, आणि धावड्याच्या सालीवर डिंकाचे खडे धरतात. या घाईत ज्या बाईला सातवा-आठवा महिना लागला आहे, तिच्या घरकामाविषयी आणि हातकामाविषयी आम्ही येथे बोलणार आहोत.

मजूर संघटनेच्या माणसाने लाडवांवर आणि दुपट्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचा विषय मजुरीचा, रजेचा, हजेरीपटाचा. पण बाळाच्या स्वागतासाठी घरात जे केले जाते त्याला आपण हौस म्हणतो आणि तेथेच थांबतो. ती हौस आहेच. परंतु ते कामही आहे, आणि प्रत्येक काम करायला वेळ लागतो. तो वेळ कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हा आमच्या दृष्टीने अस्सल मजुरीचाच प्रश्न आहे.

प्रथम बाळंतविडा म्हणजे काय ते पाहू. शहरातल्या घरात मुलीचे दिवस भरत आले की आई डिंक, खारीक, खोबरे, आळीव, बाळंतशेपा, ओवा यांची जमवाजमव करते. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी शिवते. डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते. या सामानातला डिंक हातात घेऊन पाहा. लाडवासाठी चांगला मानतात तो धावड्याचा, आणि धावडा हे आमच्या कोरड्या, पानझडी रानातले झाड आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत सालीतून पाझरलेला रस वाळून त्याचे खडे होतात, आणि ते माणसाला एकेक करून खुडावे लागतात. तुपात टाकताच खड्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि तो फुलतो. म्हणून तूप मंद तापवून डिंक थोडा थोडा तळतात, एरवी वरून फुललेला खडा आत कच्चा राहतो. लाडवावर लावायची चारोळी चाराच्या झाडाची. बाळाला ज्या सुपात ठेवण्याची रीत आहे ते सूप बांबूचे, बुरुडाने विणलेले. म्हणजे शहरातल्या बाळंतविड्याचा बराच भाग रानातून येतो, आणि तो गोळा करणाऱ्या हातांत पुष्कळदा बाईचे हात असतात. त्यांतली एखादी स्वतःच पोटुशी असते. तिचा बाळंतविडा मात्र फार लहान असतो.

लहान असला तरी त्यात शहाणपण आहे. मोहफुलांचेच घ्या. लोक मोहाचे नाव काढले की दारूच आठवतात. पण वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो, आणि रानातल्या घरांनी ते पिढ्यान् पिढ्या अन्न म्हणून खाल्ले आहे. फुले झटकून, निवडून, वाळवून भाजतात. जवस किंवा तीळ वेगळे भाजून त्यांच्याबरोबर कुटतात आणि लाडू वळतात. गोडी फुलांची, स्निग्धपणा तिळाचा. नुसत्या फुलांनी भूक भागेल, पण अंगात रक्त-मांस होणार नाही. त्यासाठी तीळ, शेंगदाणे, डाळ, अंडी हवीतच. आमच्या भागात रक्त कमी असलेल्या बाया पुष्कळ, आणि सिकलसेलचा आजारही आहे. तेव्हा दवाखान्यात रक्त तपासून घेणे आणि मिळालेल्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घेणे, हे लाडवाइतकेच बाळंतविड्यातले समजावे.

भाजण्याची आमची तऱ्हाही सांगतो. विलायती घरात भट्टी असते. विदर्भात आर असतो. कणकेचे पानगे पळसाच्या पानांत धरून निखाऱ्यांवर भाजतात. रोडगे तर गोवऱ्यांच्या आरात पुरूनच भाजले जातात. पान कणकेला राखेपासून राखते आणि तिच्यातला ओलावा एकदम उडू देत नाही. त्यामुळे वरचा पापुद्रा खरपूस होतो आणि आतला भाग मऊ शिजतो. पळस फुलतो तेव्हा त्याला पान नसते; नवी पाने मागाहून येतात. म्हणून होळीला ज्या झाडाची फुले पाहिली, त्याच झाडाचे पान वैशाखात पानग्याला लागते. गर्भार बाईसाठी यात एक सोय आहे. रोडगे उघड्यावर भाजतात, आणि आर लावण्याचे काम सहसा पुरुष करतात. कोंदट स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आईच्या छातीला आणि पोटातल्या बाळाच्या वजनालाही बाधतो, हे आता अभ्यासांनी दाखवले आहे. सणाच्या दिवशी पुरुष आर लावतात, तर तिच्या नवव्या महिन्यात रोज चूल का पेटवू नये, असा साधा प्रश्न आम्ही सभांतून विचारतो. उत्तरादाखल हसू येते. पुढे क्वचित कृतीही होते.

आता दुपट्याचे. जुन्या सुती लुगड्याचे दुपटे का करतात? घरात नवे कापड नसते हे एक कारण खरे. पण तेवढेच नव्हे. शंभर वेळा धुतलेल्या कापडातली खळ गेलेली असते, ते मऊ होते, ओल पटकन शोषते. चार-पाच थर एकावर एक ठेवून धावदोरा घातला की थरांच्या मध्ये हवा अडकते, आणि अडकलेली हवा ऊब धरते. उन्हाळ्यात जन्मलेल्या बाळाला ऊब कशाला, असे कोणी म्हणेल. पण कमी वजनाच्या बाळाला अंगातली उष्णता टिकवता येत नाही. ओले अंग, पहाटेचा वारा, एवढ्यानेही ते गार पडते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या घरी जाऊन नवजात बाळाचे वजन करीत, श्वास पाहत, त्याला उबदार ठेवण्याचे शिकवीत आणि जंतुदोषावर औषध देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. हे यश एकट्या दुपट्याचे नव्हे, हे उघड आहे. पण आजी धावदोरा घालते ते केवळ नटवणे नसून रक्षणही आहे, असे आम्हांला वाटते.

जुन्या रीतींतले सारेच राखावे असे मात्र आम्ही म्हणत नाही. बाळ येणार म्हणून घर शेणाने सारवतात. जमीन धुळीवाचून नीट राहते हे खरे. पण शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि नाळेच्या जखमेला ती लागली तर बाळ दगावू शकते. आईला लस, स्वच्छ हात, नवे पाते आणि दवाखान्यातली प्रसूती यांमुळे हा रोग हटला. २०१५ साली भारतात माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. तेव्हा सारवण करावे, ते दुसऱ्याने करावे, आणि नाळेजवळ काही म्हणजे काही लावू नये.

इतके सारे करायचे तर दिवस हवेत. येथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो.

मोहफूल रात्री गळते आणि पहाटे वेचावे लागते. उशीर झाला तर गुरे आणि जनावरे खातात. बाई अंधारात निघते, कंबरेत वाकून एकेक फूल वेचते, टोपली डोक्यावर घेऊन परतते. तेंदूच्या दिवसांत पाने तोडून आणायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची, आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायची. चंद्रपुरात तेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. रानात वाघ आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. हे सर्व ठाऊक असूनही बाया जातात, कारण पावसाळ्याआधी हाती येणारा रोख पैसा बहुतांशी हाच. एका फळीवर आम्ही एका गर्भार बाईला म्हटले, “ताई, या दिवसांत तरी घरी बसायचे.” ती म्हणाली, “घरी बसून पुडके होत नाही ना, भाऊ.” आमच्यापाशी उत्तर नव्हते. सल्ला फुकट असतो. विसाव्याला पैसे पडतात.

हा विसावा कामगार स्त्रीला कायद्याने मिळावा, ही मागणी जुनी आहे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने बाळंतपणाच्या रजेचा ठराव केला. त्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. १९२४ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात तसे विधेयक आणले. ते संमत झाले नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात असेच विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने सोसला पाहिजे, आणि मालकालाही त्यातून अगदी मोकळे सोडता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मुंबईचा कायदा १९२९ साली झाला. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. तेथे १९३० साली कारखान्यांतील स्त्रियांसाठी कायदा आला, आणि खाणींतल्या स्त्रियांसाठी १९४१ साली. १९६१ साली साऱ्या देशासाठी एक कायदा झाला आणि बारा आठवडे ठरले. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांपर्यंत ते सव्वीस आठवडे झाले; त्यांतले आठ प्रसूतीच्या आधी घेता येतात. हीच तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की या साऱ्या कायद्यांना एक मालक लागतो, एक हजेरीपट लागतो. वर्षभरात ८० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मोहाच्या झाडाखाली हजेरीपट नसतो. सव्वीस आठवड्यांची रजा मिळणारी बँकेतली बहीण आणि एक दिवसही न मिळणारी रानातली बहीण, दोघींचे नऊ महिने सारखेच असतात.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने, सरकारी नोकरी किंवा तत्सम लाभ असलेल्या स्त्रिया वगळता, प्रत्येक गर्भवतीला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये मिळतात. पुढे दुसरे अपत्य मुलगी झाली तर ६,००० ठरले. अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गर्भवतीला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. आदिवासी भागातील काही आरोग्य केंद्रांशी ‘माहेरघर’ जोडले आहे. दिवस भरत आले की बाईने तेथे येऊन राहावे. हे नाव आम्हांला फार आवडते, कारण माहेर म्हणजे जेथे काम न करता बसता येते ते घर. पण कायदा ‘प्रत्येक’ म्हणतो आणि योजना अपत्य मोजते. शिवाय रकमेचा एक भाग बाळाच्या जन्मनोंदणीनंतर आणि लशींनंतर येतो. विसावा हवा असतो तो आधी.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींत मांडतो. पहिली, कायद्यातले पैसे पूर्ण आणि सातव्या महिन्यापूर्वी हाती पडावेत. दुसरी, २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूची विक्री स्वतः करतात. जेथे गाव स्वतः व्यापार करते तेथे त्या पैशातून गर्भार आणि ओल्या बाळंतिणीचा एका हंगामाचा वाटा बाजूला काढावा, तिने पाने तोडली नसली तरी. गाव मालक झाले, तर मालकाचे कर्तव्यही गावाचे झाले. तिसरी गोष्ट सरकारवर किंवा गावावर ढकलता येण्यासारखी नाही. पाणी, सरपण, सारवण आणि चूल ही कामे शेवटच्या महिन्यांत घरातल्या पुरुषांनी उचलावीत. तिला स्वस्थ बसून धावदोरा घालायची इच्छा असेल तर घालू द्यावा, आणि नुसतेच झोपावेसे वाटले तर झोपू द्यावे.

तुमच्या घरी यंदा कोणाचे डोहाळजेवण असेल तर डिंकाचे लाडू जरूर करा. त्या डिंकाला दर विचारताना फार घासाघीस मात्र करू नका. आणि बाळंतविड्याच्या यादीत सर्वांत वर, डिंकाच्याही आधी, ‘विसावा’ हा शब्द लिहा. तुमच्या लेकीसाठी तर लिहाच, आणि जिने तो डिंक खुडला तिच्यासाठीही.