अडत्याची वही आणि कुळाची सही

शेतकरी आणि सावकार यांचे तंटे आपणांस नवे नाहींत. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथून दंगे उसळले व कर्जखतें जाळलीं गेलीं. पुढें १८७९ च्या कायद्यानें खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचें काम न्यायाधीशांवर सोंपविलें. पंजाबांत हा तंटा आजही चालू आहे; मात्र तेथें सावकाराच्या जागीं बहुधा धान्यबाजारांतला अडत्या असतो.

शेतकऱ्याचा माल विकून द्यावा व त्यावर अडत घ्यावी, हा त्याचा उघड धंदा. परंतु बियाणें, आजारपण, लग्नकार्य यांसाठीं उचल देणाराही तोच. पीक आलें कीं मालाच्या पैशांतून तो आपली रक्कम व्याजासह वळती करून घेई. २०२१ पासून सरकारी खरेदीचे पैसे परभारें शेतकऱ्याच्या बँकखात्यांत जाऊं लागले. वळतीची वाट अशी बुजली, म्हणजे वसुलीसाठीं कागदाचें महत्त्व वाढणारच.

न्यायालयांत या कागदांची किंमत सारखी नसते. नुसत्या वहींतील नोंदीवरून कोणावरही देणें लादतां येत नाहीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील हा नियम २०२३ च्या नव्या कायद्यांतही कायम आहे. उसन्या पैशांचा दावा सामान्यतः तीन वर्षांत लावावा लागतो. मुदतींत सहीनिशीं लेखी कबुली मिळाली, तर मुदत नव्यानें सुरू होते. म्हणून अडीअडचणीला विश्वासानें पैसे देणारा प्रामाणिक अडत्याही कधीं कधीं हात हालवीत परततो.

वचनचिठ्ठीची गोष्ट मात्र निराळी. तीवरील सही शाबीत झाली कीं तिचा मोबदला पोंचला असें १८८१ चा कायदा गृहीत धरतो. तसें नाहीं हें दाखविण्याचा भार शेतकऱ्यावर पडतो. देण्यापोटीं दिलेला धनादेश न वटल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊं शकतो.

एका वेळीं घ्यावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये, अशी मर्यादा आपल्या स्मृतिकारांनीं घातली होती. पण कोऱ्या चिठ्ठीवर मुद्दल कोणतें, हेंच ठरत नाहीं, तेथें दामदुपटीचा नियम तरी काय करणार? म्हणून आम्ही एवढेंच सुचवितों कीं, ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांनीं आंकडा लिहिल्यावांचून सही करूं नये, फेडीची पावती घ्यावी व चिठ्ठी परत मागावी. हें शेजारच्या निरक्षर कुळास समजावून सांगणें, हेंही शिकलेल्यांचें एक ऋणच आहे.